महामहोपाध्याय बापूदेवशास्त्री परांजपे : सीहोर ते काशी



इंदूरहून भोपाळला जाताना आष्टा मागे पडले की सीहोर येते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाव बसच्या खिडकीतूनच पाहिले असेल. पण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांविषयी भारतात जी मोठी चर्चा झाली, तिचे एक मुख्य ठिकाण हे सीहोर होते. तिथल्या संस्कृत पाठशाळेत शिकलेला एक मराठी मुलगा पुढे काशीला गेला आणि ज्योतिषशास्त्राचा देशविख्यात अध्यापक झाला. आपल्या वसाहतीला जिचे नाव लाभले त्या अन्नपूर्णेच्या काशीनगरीत त्याने जवळजवळ अर्धे शतक ग्रहगणित शिकवले. हे होते महामहोपाध्याय बापूदेवशास्त्री. (इथे ज्योतिष म्हणजे पत्रिका पाहणे नव्हे, तर ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित. त्या काळी हा शब्द याच अर्थाने वापरीत.)

बालपण आणि नागपूर

बापूदेवांचे खरे नाव नृसिंह. वडिलांचे नाव सीताराम आणि आडनाव परांजपे. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातल्या गोदातीरच्या टोके गावचे. त्यांचा जन्म शके १७४३ च्या कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे १ नोव्हेंबर १८२१ रोजी झाला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

त्यांचे शिक्षण नागपूरला झाले. तिथे मराठी शाळेत ते शिकले आणि धुंडिराज मिश्र या पंडितांकडे त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित या ग्रंथांचे अध्ययन केले. सात-आठशे वर्षांपूर्वीचे संस्कृत गणित सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने असे आत्मसात केले की पाहणाऱ्यांचे लक्ष जावे. आणि लक्ष गेले ते एका इंग्रज अधिकाऱ्याचे.

सीहोरची पाठशाळा

लॅन्सेलॉट विल्किन्सन हे भोपाळ दरबाराकडचे ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी होते आणि त्यांचे ठाणे सीहोरला होते. त्यांना भारतीय ज्योतिषाचे मनापासून वेड होते. सीहोरच्या पाठशाळेत त्यांनी एक वेगळाच प्रयोग चालवला होता.

तो प्रयोग समजण्यासाठी त्या वेळी लोक काय मानत होते ते पाहिले पाहिजे. जगाविषयी तीन निरनिराळी चित्रे तेव्हा एकाच वेळी प्रचलित होती. पहिले चित्र पुराणांचे. पृथ्वी सपाट, मध्ये मेरू पर्वत, भोवती समुद्रांची आणि द्वीपांची कडी. चंद्र सूर्याहूनही वर आणि ग्रहण राहूमुळे होते. दुसरे चित्र सिद्धान्तग्रंथांचे, म्हणजे आर्यभट, भास्कराचार्य यांच्यासारख्या गणितज्ञांचे. पृथ्वी गोल, आकाशात निराधार. चंद्र सर्वांत जवळचा, आणि ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ. मात्र या चित्रात पृथ्वी मध्यभागी असून सूर्य तिच्याभोवती फिरतो. तिसरे चित्र युरोपातून आलेले, कोपर्निकसचे. सूर्य मध्यभागी, पृथ्वी हा त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह.

विल्किन्सनसाहेबांचे म्हणणे असे होते की मुलांना पहिल्या चित्रावरून एकदम तिसऱ्यावर नेऊ नये. त्यांच्याच पूर्वजांनी काढलेले दुसरे चित्र आधी नीट शिकवावे. भास्कराचार्यांनी पृथ्वी गोल असल्याचे पुरावे दिले आहेतच. ते समजले की पुढची पायरी आपोआप दिसते. हा विचार त्यांनी १८३४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत लेख लिहून मांडला. त्यांच्या पाठशाळेतले मराठी पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये सिद्धान्तशिरोमणिप्रकाश नावाचे मराठी पुस्तक लिहून हीच तुलना सामान्य वाचकांपुढे ठेवली. जवळच्या आष्ट्याचे ओंकार भट्ट यांनी भूगोलसार हे पुस्तक हिंदीत लिहिले. या सगळ्यावर मोठा वाद झाला. पुण्याच्या शास्त्रीमंडळींतून त्याला संस्कृतात उत्तर आले. पुराणे खोटी ठरवायची की नाहीत, हा त्या काळी केवळ भूगोलाचा प्रश्न नव्हता. श्रद्धेवर उभ्या असलेल्या साऱ्या जगण्याचा तो प्रश्न होता.

१८३८ साली विल्किन्सनसाहेब बापूदेवांना नागपुराहून सीहोरला घेऊन आले. बापूदेव तेव्हा सतरा वर्षांचे होते. सेवाराम या पंडितांकडे ते रेखागणित म्हणजे भूमिती आणि ज्योतिष शिकू लागले. योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीत बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने एका ताऱ्याची वर्षभरातली अगदी सूक्ष्म हालचाल मोजून दाखवली. ती हालचाल खरी ताऱ्याची नव्हती. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे तो तारा तसा सरकल्यासारखा दिसत होता. म्हणजे पृथ्वी फिरते याचा हा प्रत्यक्ष पुरावाच होता. युरोपातसुद्धा असा पुरावा इतक्या उशिरा हाती आला, हे आपण ध्यानात ठेवावे.

भास्कराचार्यांचे गणित आणि आपले इंदूर

सीहोरच्या पाठशाळेत जे शिकवले जात होते, त्यातली एक गोष्ट आपल्या अगदी दारातली आहे.

पृथ्वी गोल असेल तर ती आपल्याला सपाट का दिसते? भास्कराचार्यांचे उत्तर असे की कोणत्याही मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. माणूस एवढा लहान आणि पृथ्वी एवढी मोठी की त्याच्या नजरेत येणारा तुकडा सपाटच दिसणार.

मग तिचा परीघ मोजायचा कसा? त्यासाठी त्यांनी उज्जैनचा, म्हणजे अवंतीचा आधार घेतला. विषुववृत्तापासून अवंती पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाएवढी दूर आहे, असे ते सांगतात. ३६० अंशांचा सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैनचे अक्षांश २३ अंश ११ कला आहेत, म्हणजे भास्कराचार्यांचा आकडा थोडा कमी पडतो. गंमत अशी की आपल्या इंदूरचे अक्षांश सुमारे २२ अंश ४३ कला आहेत. सोळाव्या भागाला उज्जैनपेक्षा इंदूरच अधिक जवळ आहे.

त्याच तत्त्वावर तुम्हीही पृथ्वी मोजू शकता. इंदूर आणि उज्जैन यांच्या अक्षांशांत २८ कलांचा फरक आहे. दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात. आता त्रैराशिक मांडा: २८ कलांना ५२ किलोमीटर, तर २१,६०० कलांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ येते आणि पृथ्वीचा खरा परीघ तेवढाच आहे. बापूदेव ज्या वयात हे शिकले, त्या वयाची मुले आपल्या शाळेत दहावी-बारावीत आहेत.

गुरूचे अपुरे काम

१८४१ साली विल्किन्सनसाहेब अकाली वारले. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्याय या भागाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर छापायचे राहून गेले. बापूदेव तेव्हा वीस वर्षांचे होते. ज्यांनी आपल्याला शोधून काढले ते गेले आणि पाठशाळेचा आधारच तुटला. पुढे लवकरच, १८४२ च्या सुमारास, काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत त्यांची नेमणूक झाली. ही पाठशाळा १७९१ साली स्थापन झालेली होती. आज तिचेच संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झाले आहे.

काशीत बापूदेवांनी रेखागणित आणि ज्योतिष शिकवले. पण सीहोरचे ऋण ते विसरले नाहीत. जवळजवळ वीस वर्षांनी, १८६१ मध्ये, विल्किन्सनसाहेबांचे ते भाषांतर मूळ संस्कृताशी ताडून, दुरुस्त करून त्यांनी प्रसिद्धीस नेले. त्याच पुस्तकात सूर्यसिद्धान्त या प्राचीन ग्रंथाचे त्यांनी स्वतः केलेले इंग्रजी भाषांतरही छापले गेले. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. प्रॅट धर्मगुरू असले तरी हिमालयाच्या वस्तुमानाचे गणित करणारे नामांकित गणितज्ञ होते. मुखपृष्ठावर दिवंगत विल्किन्सन आणि पंडित बापूदेव ही दोन्ही नावे एकत्र आली. नागपूरच्या शाळेतला मुलगा आणि त्याला घेऊन येणारा साहेब असे शेवटी एका पानावर भेटले.

सूर्यसिद्धान्तात बरोबर काय आणि चूक काय

सूर्यसिद्धान्ताचे भाषांतर करताना शास्त्रीबुवांसमोर जे आकडे होते, ते आपणही पाहण्यासारखे आहेत.

त्या ग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने आणि चंद्राचा ४८० योजने दिला आहे. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या तीन दशांश. आजचे आकडे आहेत १२,७४२ किलोमीटर आणि ३,४७४ किलोमीटर, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या पाव भागाहून थोडा मोठा. चंद्राचे अंतर त्या ग्रंथाप्रमाणे पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे ३२ पट येते. आज आपण ते सरासरी ३,८४,४०० किलोमीटर मानतो, म्हणजे ३० पट. दुर्बीण नसताना हे अनुमान किती जवळ पोचले पाहा!

पण सूर्याचे आकडे पाहिले की चित्र पालटते. त्या ग्रंथात सूर्याचा व्यास ६,५०० योजने आहे, म्हणजे पृथ्वीच्या चौपट. प्रत्यक्षात सूर्य पृथ्वीच्या १०९ पट रुंद आहे. चूक कुठे झाली? सगळे ग्रह रोज सारख्याच योजनांचा प्रवास करतात, असे त्या ग्रंथाने गृहीत धरले होते. चंद्राला एक फेरी घ्यायला सुमारे सव्वासत्तावीस दिवस लागतात आणि सूर्याला तीनशे सव्वापासष्ट, तर सूर्य चंद्राच्या तेरापटींहून थोडा जास्त दूर, असा तो हिशेब. खरे अंतर जवळजवळ ३९० पट आहे. गणित चुकले नव्हते, गृहीतक चुकले होते.

हे डोळ्यांपुढे आणायचे असेल तर शाळेच्या मैदानात एक फुटबॉल ठेवा. ही पृथ्वी. टेनिसच्या चेंडूहून जरा लहान चेंडू घेऊन साडेसहा मीटरवर ठेवा. हा चंद्र. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे सूर्य शंभर मीटरच्या आत, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला येईल. प्रत्यक्षात तो २४ मीटर रुंदीचा गोळा असेल. त्याला भेटायला अन्नपूर्णा मंदिरापासून राजवाड्याच्या दिशेने अडीच किलोमीटरहून जास्त चालावे लागेल.

बापूदेवांनी या आकड्यांना ना नावे ठेवली, ना ते झाकले. ग्रंथात जसे आहेत तसे मांडले. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर त्यांचे बरोबर काय आणि चूक काय हे दोन्ही माहीत असावे लागते.

त्यांची एक गोष्ट यापेक्षाही पुढे गेली. ग्रहाची गती दिवसभर सारखी नसते. या क्षणी ती किती, हे काढण्याची रीत भास्कराचार्यांनी दिली आहे. तिला तात्कालिक गती म्हणतात. चलनकलनाचे, म्हणजे युरोपात न्यूटनच्या काळी उदयाला आलेल्या गणिताचे बीज या रीतीत आहे, असे बापूदेवांनी १८५८ साली कलकत्त्याच्या पत्रिकेत लेख लिहून दाखवले. इंग्लंडमधले गणितज्ञ स्पॉटिसवुड यांनी त्याची दखल घेतली. दावा थोडा जास्त होतो असे त्यांचे मत पडले, पण भास्कराचार्यांच्या रीतीचे महत्त्व त्यांनीही मान्य केले. हा विषय जागतिक चर्चेत प्रथम आणला तो एका मराठी शास्त्र्याने.

पंचांगाचा प्रश्न

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड कामाकडे येऊ. पुस्तकातले आकडे चुकले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण पंचांग प्रत्येक घरात असते.

त्या काळची बरीच पंचांगे जुन्या करणग्रंथांवरून तयार होत. आपल्याकडे गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा १५२० सालचा ग्रंथ प्रमाण मानत. ग्रंथ उत्तमच होता. पण साडेतीनशे वर्षांत थोड्या थोड्या फरकांची बेरीज होत गेली. शिवाय चंद्राची चाल फार वाकडी. सूर्य तिला ओढतो, पृथ्वी ओढते, तिची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली आहे. जुन्या ग्रंथांतले एक-दोन संस्कार तिला पुरत नाहीत. त्यामुळे लिहिलेल्या वेळेला ग्रहण लागत नसे. तिथी काही घटकांनी मागेपुढे होई. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. तेवढ्याने एकादशी आज की उद्या, श्राद्ध कोणत्या दिवशी, हे बदलू शकते.

महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक लिहून नवे गणित मराठीत आणले होते आणि त्या आधारे पटवर्धनी पंचांग निघू लागले होते. काशीत हे काम बापूदेवांनी हाती घेतले. काशीनरेशांच्या आश्रयाने १८७५-७६ च्या सुमारास त्यांनी नवे पंचांग काढायला सुरुवात केली. त्यासाठी इंग्लंडच्या नाविक पंचांगातले ग्रहांचे आकडे ते घेत. ते आकडे ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे असत. काशी ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ८३ अंशांवर आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर काशीची वेळ ५ तास ३२ मिनिटे पुढे येते. हा फरक जुळवून, तिथी-नक्षत्रे काढून पंचांग तयार होई. यालाच दृक्सिद्ध पंचांग म्हणतात. दृक् म्हणजे डोळा. आकाशात जे दिसते त्याच्याशी जुळणारे ते दृक्सिद्ध.

यावर त्या पिढीत देशभर वाद झाले. परंपरेच्या बाजूचे लोक म्हणत की ग्रहण डोळ्यांना दिसते, तिथे नवे गणित घ्या. पण व्रताची तिथी डोळ्यांना दिसत नाही, तिचे फळही दिसत नाही, म्हणून ती ऋषींच्या गणितानेच ठरवावी. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो करणारे विद्वान होते आणि शेकडो वर्षांची शिस्त मोडू नये ही त्यांची कळकळ खरी होती. दुसरी बाजू अशी की तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा-बारा अंशांचे अंतर. चंद्र एकच आहे. ग्रहणाच्या दिवशी एका ठिकाणी आणि एकादशीच्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी असा तो कसा असेल? शिवाय जुने आचार्यही वेळोवेळी आकाश पाहून आपले गणित सुधारत आले होते. गणेश दैवज्ञांनी तेच केले होते. म्हणजे सुधारणे हीच खरी परंपरा.

काशीसारख्या ठिकाणी राहून हे पंचांग काढणे म्हणजे रोज भेटणाऱ्या विद्वानांशी मतभेद पत्करणे होते. शास्त्रीबुवांनी ते पत्करले.

चार भाषांचा माणूस

पालकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. बापूदेवांची मातृभाषा मराठी. शिकवणे आणि ग्रंथलेखन संस्कृतात. त्रिकोणमिती, काशीच्या मानमंदिरातली यंत्रे, जुन्या आचार्यांची मते अशा विषयांवर त्यांनी संस्कृतात लिहिले. उत्तर भारतातल्या मुलांसाठी त्यांनी बीजगणिताचे पुस्तक हिंदीत लिहिले आणि जगातल्या विद्वानांसाठी इंग्रजीत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी असे ओझे वाटते. हेच ओझे त्यांनी भांडवल म्हणून वापरले.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद केले. १८६९ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे फेलो झाले. १८७८ मध्ये सरकारने सी. आय. ई. हा किताब दिला आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सुधाकर द्विवेदी हे दुसरे मोठे गणितज्ञ आले. १८९० साली बापूदेवशास्त्र्यांचे निधन झाले. सहा वर्षांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास प्रसिद्ध केला, त्यात त्यांना मानाचे स्थान आहे.

पंचांगाचा वाद मात्र त्यांच्यानंतरही चालूच राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग आधुनिक वेधांच्या गणितावरच तयार होते. त्याच्या मध्यवर्ती स्थानाचे अक्षांश २३ अंश ११ कला ठरवले गेले. वर आलेला हा आकडा तुम्हाला आठवत असेल. ते उज्जैनचे अक्षांश आहेत.

शेवटी मुलांसाठी एक काम. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. एकदा ७-८ जूनच्या सुमारास आणि पुन्हा ५-६ जुलैच्या सुमारास. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून जूनचा दिवस धरा. शाळेला तेव्हा सुटी असेल, पण घराला गच्ची आहे. एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि बारानंतर दर पाच मिनिटांनी सावली मोजा. घड्याळात साधारण साडेबाराच्या आधी काही मिनिटे ती काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. नेमकी किती वाजता, ते वहीत टिपून ठेवा आणि शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या बाईंना दाखवा. उज्जैनला कोणी मामा-मावशी असतील तर त्यांनाही त्याच दिवशी काठी उभी करायला सांगा. त्यांच्याकडे थोडी सावली उरेल. ती किती, हे मोजले की पृथ्वी मोजायला घेतलीच म्हणून समजा.